भित्तिचित्रण, चिकानो : समलिंगी अस्मितेचा प्रवाह

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेक्सिकन व अन्य लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांनी साधारणतः १९६५ नंतर सार्वजनिक भिंती, जाहिरातफलक व रस्ते यांवर जी कला निर्माण केली, तीमधील समलिंगी व पारलिंगी व्यक्तींच्या जीवनाशी निगडित असा एक प्रवाह. कॅलिफोर्निया राज्यातील लॉस अँजेल्स व सॅन फ्रॅन्सिस्को ही शहरे त्याची प्रमुख केंद्रे होत; न्यूयॉर्कमधील काही कामांचाही त्यात अंतर्भाव होतो. या कलेचा इतिहास बऱ्याच अंशी चित्रे विद्रूप करण्याचा, त्यांवर चुना फासण्याचा आणि ती पुन्हा उभी करण्याचा इतिहास आहे. भिंत ज्या समाजाची, त्या समाजाच्या चित्रात कोणाकोणाला स्थान असावे, हा त्यातील मूळ वाद होय.

‘चिकानो’ ही संज्ञा मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांना उद्देशून पूर्वी काहीशा हेटाळणीने वापरली जाई. १९६०–७० या दशकात तरुण कार्यकर्त्यांनी ती अभिमानाने स्वीकारली. ‘लॅटिनो’ ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत क्यूबा, प्वेर्त रीको, मध्य व दक्षिण अमेरिका येथून आलेल्यांचाही समावेश होतो. स्पॅनिश भाषेत नामांना पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीप्रमाणे नपुंसकलिंगाची सोय तीत नाही, आणि स्त्रीपुरुषांच्या मिश्र समूहाचा निर्देश पुल्लिंगी रूपानेच होतो. ही अडचण टाळण्यासाठी शब्दाच्या अखेरच्या स्वराऐवजी एक्स हे अक्षर योजून ‘लॅटिनेक्स’ असे रूप एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आले. फ्लॉरिडा राज्यातील ओरलँडो येथे ‘पल्स’ नामक समलिंगी लोकांच्या क्लबात १२ जून २०१६ रोजी, लॅटिन संगीताच्या रात्री, झालेल्या गोळीबारात ४९ जण ठार झाले. मृतांत लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक बहुसंख्य होते. त्यानंतर ही संज्ञा वृत्तपत्रीय लेखनातही वारंवार दिसू लागली. सामान्य स्पॅनिशभाषक कुटुंबांत मात्र ती फारशी बोलली जात नाही. तिचा उच्चारच स्पॅनिश वळणाचा नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार म्हणता येणार नाही.

पार्श्वभूमी : या भित्तिचित्रणाचे मूळ मेक्सिकोतील क्रांत्युत्तर कलाचळवळीत आहे. शिक्षणमंत्री होसे व्हास्कोन्सेलोस याच्या प्रोत्साहनाने १९२१ नंतर दिएगो रिव्हेरा (१८८६–१९५७), होसे क्लेमेंते ओरोस्को (१८८३–१९४९) व दाव्हीद आल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४) यांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर राष्ट्राचा इतिहास रंगविला. (भारतीय चित्रकार सतीश गुजराल यांनी १९५२ मध्ये मेक्सिकोत जाऊन रिव्हेरा व सिकेरोस यांच्या हाताखाली काही काळ काम केले.) निरक्षर जनतेलाही वाचता येईल असा इतिहास भिंतीवर लिहावयाचा, ही त्यामागील भूमिका होती. या इतिहासाचे नायक शेतकरी, सैनिक व कामगार होते, आणि ते बहुधा पुरुष होते.

सिकेरोसने १९३२ मध्ये लॉस अँजेल्सच्या ओल्व्हेरा रस्त्यावर आमेरिका त्रोपिकाल हे भित्तिचित्र रंगविले. प्रवाशांना रुचेल असे रम्य उष्णकटिबंधीय दृश्य त्याच्याकडून अपेक्षित होते. त्याने मध्यभागी क्रुसावर खिळलेला आदिवासी मजूर आणि त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड काढला. रस्त्यावरून दिसणारा भाग लवकरच आणि उर्वरित भाग काही वर्षांत पांढऱ्या रंगाखाली झाकला गेला. पुढे चुन्याचे पोपडे सुटून आतील आकृती हळूहळू दिसू लागल्या. चिकानो चित्रकारांच्या पिढीने हे चित्र आपल्या परंपरेचा उगम मानले. जतनाचे काम पूर्ण होऊन २०१२ मध्ये ते लोकांस खुले झाले. तथापि उडालेले रंग नव्याने भरण्यात आले नाहीत.

सेसार चाव्हेस याच्या नेतृत्वाखालील शेतमजुरांचा संप (१९६५), पूर्व लॉस अँजेल्समधील विद्यार्थ्यांचा शाळाबहिष्कार (१९६८) आणि व्हिएटनाम युद्धाविरुद्धचा २९ ऑगस्ट १९७० चा प्रचंड मोर्चा या घटनांतून चिकानो चळवळ आकारास आली. या मोर्चाच्या दिवशी पोलिसांनी सोडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने पत्रकार रूबेन सालासार मृत्युमुखी पडला. १९६९ मध्ये डेन्व्हर येथील परिषदेत संमत झालेल्या जाहीरनाम्याने लेखक-कलावंतांना समाजजागृतीचे कार्य सोपविले. कुटुंब आणि ‘कार्नालिस्मो’ म्हणजे बंधुभाव ही चळवळीची दोन मोठी मूल्ये होती. या काळातील भिंतींवर आझटेक योद्धे, सापाता, ग्वादालूपेची माता मेरी आणि चाव्हेस यांच्याबरोबरच माता, पिता व अपत्य यांचे एकसंध कुटुंबचित्र वारंवार आढळते. वांशिक अन्यायाने विस्कटलेल्या समाजाला या चित्राने आधार दिला, यात शंका नाही. परंतु ज्यांचे आयुष्य या चौकटीत बसत नव्हते, असे समलिंगी तरुण व तरुणी चळवळीत राबत असूनही भिंतीवर त्यांना जागा नव्हती.

पूर्व लॉस अँजेल्समधील प्रयोग : या चौकटीला पहिला धक्का भिंतीवर न बसता एका बागेत बसला. १९६९ मध्ये बेल्व्हेडिअर पार्क येथे ग्राँक (१९५४– ) या कलावंताने एक उद्धट, अर्धवट नाटकवजा प्रयोग सादर केला. त्यात रॉबर्ट लेगोरेता याने ‘सायक्लोना’ हे स्त्रीवेषधारी, भडक रंगरंगोटी केलेले पात्र प्रथम साकारले. कुटुंबकबिल्यासह आलेले प्रेक्षक संतप्त झाले. लेगोरेताने पुढे अनेक वर्षे हेच पात्र रस्त्यांवर व सभासमारंभांत वावरविले. त्याला चित्र म्हणावे की नाट्य, हा प्रश्न गौण आहे. पूर्व लॉस अँजेल्सच्या रस्त्यावर तसे हिंडणे हे त्या काळी धोक्याचे होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

ग्राँक, हॅरी गॅम्बोआ (धाकटा), विली एरॉन व पॅट्सी व्हाल्डेस या चौघांनी १९७२ च्या सुमारास ‘आस्को’ हा गट स्थापन केला. आस्को या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘मळमळ’ वा ‘किळस’ असा आहे. त्यांची कामे पाहून लोकांनी दिलेली ही प्रतिक्रियाच त्यांनी नावादाखल घेतली. भित्तिचित्रांत ठराविक प्रतिमांचा साचा तयार झाला आहे, अशी त्यांची तक्रार होती. १९७२ च्या नाताळात व्हिटिअर बूलेव्हार या हमरस्त्यावरून त्यांनी ‘चालते भित्तिचित्र’ काढले : व्हाल्डेस काळ्या वस्त्रातील ग्वादालूपेची माता झाली होती, ग्राँकने नाताळवृक्षाचे सोंग घेतले होते, तर एरॉन अनेक मुखांचे भित्तिचित्रच अंगावर वागवीत होता. जणू भिंतीवरील आकृती कंटाळून खाली उतरल्या होत्या. १९७४ मध्ये ग्राँकने व्हाल्डेस व आणखी एका सहकाऱ्यास चिकटपट्टीने भिंतीला चिकटवून ‘तत्काळ भित्तिचित्र’ तयार केले.

याच गटाची आणखी एक कृती प्रसिद्ध आहे. चिकानो लोक ललित कला निर्माण करीत नाहीत, असे उत्तर लॉस अँजेल्स परगण्याच्या कलासंग्रहालयातील एका अधिकाऱ्याकडून मिळाल्याचे गॅम्बोआने सांगितले आहे. त्यावर १९७२ मध्ये गॅम्बोआ, ग्राँक व एरॉन यांनी रात्री संग्रहालयाच्या पादचारी पुलावर फवाऱ्याच्या रंगाने आपापली नावे लिहिली आणि संपूर्ण संग्रहालय ही आपली कलाकृती असल्याचे मानले. सकाळी त्या नावांजवळ उभ्या असलेल्या व्हाल्डेसचे छायाचित्र घेण्यात आले. थोड्याच वेळात नावे पुसली गेली. आस्को हा समलिंगी कलावंतांचा गट नव्हता. परंतु स्त्रीपुरुषांच्या ठरीव भूमिकांची थट्टा त्याने भर रस्त्यात केली, आणि ग्राँक, लेगोरेता व त्यांचा मित्र मुंडो मेझा या वर्तुळातील समलिंगी कलावंतांना त्याने एक वाट मोकळी करून दिली. जोई टेरिल (१९५५– ) याने सत्तरीच्या दशकाच्या मध्यास समलिंगी पुरुषांना उद्देशून असलेली ‘मारिकोन’ ही स्पॅनिश शिवी सदऱ्यांवर ठळकपणे छापली. हे सदरे घालून तो आणि त्याचे मित्र जाहीरपणे वावरले.

लॉस अँजेल्सची महाभिंत : आस्कोच्या नेमका उलटा, संथ व संघटित मार्ग ज्यूडिथ एफ्. बाका (१९४६– ) हिने पत्करला. १९७० मध्ये तिने परस्परांशी वैर असलेल्या टोळ्यांतील तरुणांना एकत्र आणून हॉलेनबेक पार्कमध्ये आपल्या आजीचे, बाहू पसरून उभ्या असलेल्या वृद्धेचे, चित्र रंगविले. १९७४ मध्ये तिला तुहुंगा येथील पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीट भिंतीसंबंधी विचारणा झाली. प्रत्यक्ष रंगकाम १९७६ मध्ये सुरू होऊन १९८३ पर्यंत पाच उन्हाळ्यांत पार पडले. न्यायालयांमार्फत आलेल्या तरुणांसह ४०० हून अधिक युवक-युवतींनी त्यात भाग घेतला. सु. ४ मी. उंच व २,७५४ फुट (सु. ८३९ मी.) लांब अशा या चित्रमालिकेत कॅलिफोर्नियाचा इतिहास प्रागैतिहासिक काळापासून १९५०–६० या दशकापर्यंत आणला आहे. दुसऱ्या महायुद्धातील जपानी वंशीयांची स्थानबद्धता आणि मेक्सिकन वंशाच्या नागरिकांची सक्तीची परतपाठवणी असे पाठ्यपुस्तकांतून गळलेले प्रसंग त्यात आहेत.

१९८३ मध्ये रंगविलेल्या अखेरच्या भागांत समलिंगी हक्कांच्या चळवळीच्या उगमाचा एक फलक आहे. लॉस अँजेल्समध्ये १९५० साली स्थापन झालेली मॅटाशीन सोसायटी आणि सॅन फ्रॅन्सिस्कोत १९५५ साली स्थापन झालेली समलिंगी स्त्रियांची डॉटर्स ऑफ बिलिटिस या संस्थांची दखल त्यात घेतली आहे. हा फलक चित्रमालिकेत वेगळा काढलेला नाही. शेतमजूर, कृष्णवर्णीय, यहुदी निर्वासित, आदिवासी खेळाडू यांच्या पंक्तीतच तो येतो. या योजनेचे महत्त्व तेथेच आहे. ज्या सालात एड्सच्या भीतीने समलिंगी व्यक्तींशी हस्तांदोलन करणेही लोक टाळीत होते, त्या सालात सार्वजनिक मालमत्तेवर, किशोरवयीन मुलांच्या हातून हा इतिहास रंगविला गेला. २०१७ मध्ये महाभिंतीची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत झाली.

एड्सचा काळ : एड्सचे पहिले रुग्ण १९८१ मध्ये लॉस अँजेल्समध्येच नोंदले गेले. मुंडो मेझा (१९५५–८५) हा तिहुआना येथे जन्मलेला प्रतिभावान चित्रकार वयाच्या तिसाव्या वर्षी या रोगाने मरण पावला. मेलरोझ मार्गावरील दुकानांच्या दर्शनी खिडक्यांत तो अतिवास्तव वळणाच्या सजावटी करीत असे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ते विनामूल्य प्रदर्शनच असे. त्या सजावटी अर्थातच टिकल्या नाहीत. टेडी सँडोव्हाल हाही १९९५ मध्ये एड्सने दगावला. त्याने लॉस अँजेल्सच्या साउथवेस्ट म्यूझियम रेल्वेस्थानकासाठी केलेला शिल्पाचा आराखडा त्याच्या पश्चात पूर्ण करण्यात आला. २००३ मध्ये हा मार्ग सुरू झाल्यापासून रोजचे प्रवासी ते शिल्प पाहतात.

लॅटिन वस्त्यांत या रोगाला दुहेरी मौन होते. मुलगा समलिंगी होता हेही सांगावयाचे नाही आणि तो कशाने गेला हेही नाही, अशी अनेक घरांची रीत होती. या मौनाविरुद्ध रिचर्ड साल्दिव्हार याने १९९३ मध्ये ‘द वॉल लास मेमोरियास’ (स्मृतींची भिंत) हा उपक्रम सुरू केला. पूर्व भागातील लिंकन पार्कमध्ये स्मारक उभारण्यास काही रहिवाशांनी विरोध केला. वाटाघाटींत अनेक वर्षे गेल्यावर १ डिसेंबर २००४ रोजी, जागतिक एड्स दिनी, ते लोकार्पण झाले. आझटेकांच्या केत्साल्कोआत्ल या पिसांच्या नागदेवतेच्या वळणाने मांडलेल्या आठ भिंतींपैकी सहांवर चित्रे व दोहोंवर मृतांची नावे आहेत. चिकानो चळवळीची जी आद्य प्रतिमासृष्टी, तिच्याच कुशीत ही नावे ठेवली गेली.

न्यूयॉर्कमधील फेलिक्स गोन्सालेस-तोरेस (१९५७–९६) याचा मार्ग यापेक्षा अगदी भिन्न होता. क्यूबातील ग्वाइमारो येथे जन्मलेल्या या कलावंताने आपल्यावर ‘लॅटिन कलावंत’ असा शिक्का बसू नये, असा कटाक्ष ठेवला. त्याच्या कामात नाग, योद्धे वा माता मेरी नाहीत. स्टोनवॉल येथील उठावाच्या विसाव्या स्मृतिवर्षी, १९८९ मध्ये, शेरिडन चौकात त्याने एक जाहिरातफलक लावला. काळ्याभोर पृष्ठभागाच्या तळाशी केवळ दोन ओळींत काही व्यक्ती, संस्था व घटना यांची नावे आणि साले, तीही कालक्रम मोडून, दिलेली होती. त्यांत १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाचा उल्लेख होता. त्या वर्षी न्यायालयाने स्वतःच्या शय्यागृहातील समलिंगी संबंधही गुन्हा ठरविणारा एका राज्याचा कायदा वैध ठरविला होता. त्याचा सहचर रॉस लेकॉक जानेवारी १९९१ मध्ये एड्सने वारला. त्यानंतर १९९२ मध्ये न्यूयॉर्क शहरातील २४ जाहिरातफलकांवर, कोणत्याही मजकुराविना, एका रिकाम्या बिछान्याचे छायाचित्र झळकले : चुरगळलेली चादर आणि दोन उशांवर डोकी टेकल्याचे खळगे. येणाऱ्या-जाणाऱ्यास ही कोणाची शय्या हे कळण्याचा मार्ग नव्हता. न्यायालयाने शय्यागृह सार्वजनिक केले, तेव्हा तेथील शोकही सार्वजनिक जागेत मांडला गेला. एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. ज्या चित्रात माणसेच नाहीत, त्यावर राग काढणे कठीण असते. सॅन फ्रॅन्सिस्कोत जे घडले, ते यामुळेच वेगळे ठरते.

सॅन फ्रॅन्सिस्कोतील संघर्ष : मिशन या लॅटिन वस्तीत १९७० मध्ये स्थापन झालेली ‘गालेरिया दे ला रासा’ ही संस्था चोविसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. तिच्या इमारतीच्या बाह्य भिंतीवरील जाहिरातफलक कलावंतांनी चित्रांसाठी वापरण्यास सुरुवात केली. पुढे संगणकावर रचून पटावर छापलेली भित्तिचित्रे तेथे लागू लागली. भिंतीवरचे चित्र घासूनपुसून दुरुस्त करावे लागते. छापील पट फाडला तर पुन्हा छापता येतो. या साध्या तांत्रिक गोष्टीला पुढे महत्त्व आले.

आलेक्स डोनिस याने १९९७ मध्ये संस्थेच्या खिडक्यांत परस्परविरोधी मानल्या जाणाऱ्या थोर व्यक्तींची चुंबन घेणारी युग्मे रंगविली. त्यांपैकी दोन काचा फोडण्यात आल्या. त्यांतील एकीवर चे गेव्हारा व सेसार चाव्हेस हे चळवळीचे दोन आदर्श पुरुष होते. २००० मध्ये आल्मा लोपेस (१९६६– ) हिने परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोन स्त्रियांचे चित्र तेथेच लावले, तेही विद्रूप करण्यात आले.

जून २०१५ मध्ये, समलिंगी अभिमान महिन्यानिमित्त, मान्युएल पॉल या चित्रकाराचे पोर व्हीदा (‘आयुष्यभरासाठी’) हे चित्र लागले. पॉल हा लॉस अँजेल्समधील मारिकोन कलेक्टिव्ह या गटाचा सदस्य होता. चित्रात एक पुरुषांची जोडी, एक स्त्रियांची जोडी आणि छातीवर शस्त्रक्रियेचे व्रण असलेला एक पारलिंगी पुरुष होता. त्यांची वेशभूषा, केशरचना व गोंदणे ‘चोलो’ वळणाची, म्हणजे गरीब मेक्सिकन वस्त्यांतील तरुणांच्या परिचित थाटाची होती. या थाटाचा सजविलेल्या, जमिनीलगत झुकविलेल्या ‘लोरायडर’ मोटारगाड्यांच्या शौकाशी जवळचा संबंध आहे. मर्दानीपणाचे हे अखेरचे ठाणे मानले जाते. त्या शौकातील काहींनी समाजमाध्यमांवरून आक्षेप घेतला : समलिंगी असावयास हरकत नाही, परंतु आमचा वेश त्यांच्या अंगावर नको.

थोड्याच दिवसांत चित्रावर रंगाचे फवारे मारण्यात आले. संस्थेने नवा पट छापून लावला. तोही बिघडविण्यात आला. अखेरीस २९ जून २०१५ रोजी रात्री चित्राला आग लावण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास देशभर मान्यता दिल्याला तेव्हा तीनच दिवस झाले होते. भित्तिचित्रांवर कोणी खरडू नये, असा संकेत मिशन वस्तीत आजवर बहुधा पाळला गेला होता. म्हणून ही आग अनेकांना घरातील भांडणासारखी लागली. शेजाऱ्यांनी भिंतीसमोर सभा घेतल्या, त्यांत वृद्ध स्त्रियाही उभ्या राहिल्या. वाढत्या भाड्यांमुळे मेक्सिकन व मध्य अमेरिकी कुटुंबे त्या वस्तीतून बाहेर फेकली जात होती, हेही येथे विसरता येत नाही. आपले घर आपल्या हातून निसटत असता त्याच्या भिंतीवरील चित्र कोणाचे, यावरून लोक भांडत होते. आक्षेप घेणाऱ्यांच्या कटुतेत या असुरक्षिततेचा वाटा असावा. त्याने काडी ओढणे मात्र क्षम्य ठरत नाही. २०१८ मध्ये भाडेवाढीमुळे खुद्द गालेरियालाही ४६ वर्षांचे ते ठिकाण सोडावे लागले.

संग्रहालये व अलीकडील स्थिती : लॉस अँजेल्समध्ये खाजगी इमारतींवर नवी भित्तिचित्रे काढण्यास २००२ पासून बंदी होती, ती २०१३ मध्ये उठली. दरम्यान जुन्या कामांकडे संशोधकांचे लक्ष वळले. लॉस अँजेल्स परगण्याच्या कलासंग्रहालयाने २०११ मध्ये आस्कोच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरविले. सी. ऑन्डाइन चावोया व डेव्हिड इव्हान्स फ्रांट्झ यांनी २०१७ मध्ये ‘अॅक्सिस मुंडो’ हे प्रदर्शन सिद्ध केले. मुंडो मेझाच्या नावावर श्लेष करणाऱ्या या प्रदर्शनात चिकानो समलिंगी कलावंतांचे विखुरलेले जाळे प्रथमच एकत्र मांडले गेले. मेझाची कित्येक चित्रे हरवली असल्याने ती केवळ छायाचित्रांवरून दाखवावी लागली.

महाभिंत १९६० नंतरच्या दशकांपर्यंत वाढविण्यासाठी २०२१ मध्ये मेलन प्रतिष्ठानने ५० लाख डॉलरचे अनुदान दिले. नव्या फलकांपैकी काही बाका व तिच्या सहकाऱ्यांनी २०२३-२४ मध्ये लोकांच्या देखत एका सभागृहात रंगविले. ते सभागृह होते लॉस अँजेल्स परगण्याच्या कलासंग्रहालयातील. १९७२ मध्ये ज्याच्या पुलावरून आस्कोची नावे सकाळीच पुसून टाकली होती, ते हेच संग्रहालय.